समुद्र (बसमधून)

प्रवासी जहाज सकाळी बेटाला लागलं आणि बेटदर्शनाच्या कामकाजाला रीतसर सुरुवात झाली.

चेअरमन सपत्नीक, नाश्ता उरकून, वेळेच्या बरेच आधी जहाजाच्या दिवाणखान्यात हजर होते. चेअरमन ते आपल्या सोसायटीचे. पण पद अंगात इतकं मुरलं होतं की सख्खी मेहुणीसुद्धा त्यांना चेअरमनच म्हणायची. सहल मात्र बाईंसाठी होती. पोरं मार्गी लागली, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आणि बाईंनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं: समुद्राच्या घोटाभर पाण्यात पाच मिनिटं उभं राहायचं. बस्स. गंमत अशी की तीन दिवस समुद्रावर राहूनही त्याला बोट लावायची सोय नव्हती. तो अकरा मजले खाली होता आणि कठड्यावरून वाकायला मनाई होती.

"आपण दोघंच टॅक्सी करून किनाऱ्यावर जाऊ की," बाई म्हणाल्या.

"आणि जहाज सुटलं तर? अधिकृत सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आपल्या मनाने हिंडणाऱ्यांसाठी थांबत नाही. नियमच आहे तसा."

"अहो, किनारा इथून समोर दिसतोय!"

"म्हणूनच जपायला हवं. माणूस समोर दिसणाऱ्या गोष्टींनीच फसतो."

असं म्हणून त्यांनी बाईंच्या खांद्याजवळ सात नंबरचा स्टिकर चिकटवला, एक स्वतःच्या छातीवर चिकटवला आणि दोघं अधिकृत झाली.

कार्यक्रमपत्रिकेत बेट तीन प्रकारे दाखवायचं ठरलं होतं: बाहेरून, बसमधून आणि आतून. दीपगृह बाहेरून, कारण आत दुरुस्ती चालू होती. धबधबा आणि ज्वालामुखी, दोन्ही बाहेरून. समुद्रकिनारा बसमधून. आतून दाखवायची गोष्ट एकच, भेटवस्तूंचं दुकान. तेही वेळ उरल्यास.

दीपगृहापाशी बस थांबली आणि माणसं चौफेर पांगली. गाईडबाई सात नंबरची पाटी लावलेली काठी उंच धरून ओरडत होती, तिच्याकडे कुणी ढुंकून बघेना. चेअरमनांचं पित्त खवळलं. "शिस्त म्हणून काही चीज आहे की नाही? आमच्या सोसायटीत असं चालत नाही!"

"मग काका, तुम्हीच धरता का जरा?" गाईडबाईचा घसा पार बसला होता. "माझा हात भरून आलाय हो."

चेअरमनांनी एकदा नाही म्हटलं, ते रीतीप्रमाणे. मग पाटी घेतली.

पाटी हातात आली आणि त्यांचा आवाज बदलला. तो त्यांना स्वतःलाही ओळखू आला. वार्षिक सभेतला होता. आपण जरा जास्तच करतोय असा एक विचार मनात आला, पण तो त्यांनी पुढच्या सभेवर ढकलला. मंडळी जोडीने चालू लागली. धबधब्यापाशी कुटुंबामागे एकच फोटो मंजूर झाला.

"माझा डोळा मिटलाय या फोटोत," दातांच्या डॉक्टरीणबाई कुरकुरल्या.

"दुसरा उघडा आहे ना? चला, पुढे चला."

ज्वालामुखी ढगात होता. चेअरमनांनी सगळ्यांना त्या दिशेला तोंड करून उभं केलं आणि ढगामागे तो आहे असं समजून बघायला सांगितलं. मंडळींनी बघितलं. "बाप रे, केवढा!" असंही मागून कुणी म्हणालं.

शिस्तीचा व्हायचा तो परिणाम झाला. बस किनाऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा हातात भरपूर वेळ होता.

"काका, कमाल केलीत!" गाईडबाई म्हणाली. "उतरायचं का इथे सगळ्यांनी?"

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी चपलांचे पट्टे सोडायला घेतले. चेअरमनांनी बायकोकडे बघितलं, मग पत्रिकेकडे. पत्रिका त्यांनी मिटायलाही घेतली. पण घसा खाकरून आवाज आला तो सभेतलाच.

"समुद्र बसमधून आहे. आज एक उतरला तर उद्या प्रत्येक जण उतरेल. प्रथम उजव्या बाजूच्यांनी बघून घ्यावं, मग जागा बदलाव्यात. नंतर दुकान."

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "मी आणखी काय मागितलंय तुमच्याकडे आजवर?"

"तसं नाही गं. पण आपल्याच घरच्यांना सवलत दिली तर लोक काय म्हणतील?"

बाईंनी आपला स्टिकर काढला आणि नवऱ्याच्या छातीवर, त्याच्या स्टिकरशेजारी, चिकटवून टाकला. "दादा, दार उघडा हो," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. दार उघडलं. बाई चपला हातात घेऊन वाळू तुडवत थेट पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली तशा त्या चारचौघांत खदखदून हसल्या. असं हसणं चेअरमनांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

ते बाईंना आणायला म्हणून उतरले. पाटी हातातच होती, त्यामुळे मागोमाग अख्खी बस उतरली.

"या ना!" बाईंनी हाक मारली. "पाणी कोमट आहे, अहो, या!"

चेअरमन एक पाऊल पुढे सरकले. मागची रांग एक पाऊल सरकली. ते थांबले, रांग थांबली. जायचं तर पाटी सोडायला हवी होती, नाहीतर एवढे बूटमोजे समुद्रात गेले असते. त्यांनी वळून प्रत्येकापुढे पाटी धरली. "घ्या हो कुणीतरी. पाच मिनिटं. माझी बायको बोलावतेय." डॉक्टरीणबाई फोटो बघण्यात गुंतल्या. गाईडबाई दंड चोळत राहिली. बाकीचे आपापले स्टिकर नीट बसलेत का ते चाचपून बघू लागले. पाटी वाळूत टाकून देता येते, हे चेअरमनांच्या लक्षात आलं होतं. पण पडलेली पाटी कुणी बघितली असती तर?

तुम्ही हसताय, हसा. पण रांगेत शेवटून दुसरे तुम्हीच होतात. पाटी तुमच्याही पुढे आली होती, समुद्र तुमच्याही पुढे होता, आणि तुम्ही विचारलंत, "दुकान किती वाजता बंद होतं हो?"