हजेरीपटावरचा एकावन्न

आमच्या बी.एड.च्या वर्गात आम्ही पन्नास जण आहोत. इंगळे सर मात्र हजेरी एकावन्न जणांची घेतात. पन्नासावं नाव झालं की खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवतात आणि खड्या आवाजात विचारतात, "एकावन्न?"

मोबाइल म्हणतो, "उपस्थित, सर."

सर हजेरीपटावर खूण करतात.

एकावन्न म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. कॉलेजनं ती वापरायला सांगितली तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी तिच्यावर भाषणं केली. इंगळे सरांनी तिला सरळ प्रवेश दिला. एकावन्नलाही आमच्यासारखं पाठाचं टाचण लिहावं लागतं आणि सर त्याची प्रिंट काढून लाल पेनानं तपासतात. परिमितीच्या पाठात त्यानं जलतरण तलावाभोवती चालणारी मुलं घातली, तर सरांनी समासात लिहिलं, 'कोणत्या गावात?' मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हुशार हाय हो पोरगं. पन खडू नाही धरला त्यानं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते स्वतः आधी एका खेड्यातल्या शाळेवर होते. पट घसरून ती बंद झाली, मग ते इथं आले.

खडू मीही कुठं धरला होता? माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव गप्प. पहिल्या सराव पाठाला मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "मॅडम, जोरानं बोला ना, आयकू नाही येऊन राह्यलं," आणि मी फळ्याकडे तोंड करून उभीच राहिले. तास संपेपर्यंत. वार्षिक पाठात पुन्हा असं झालं असतं, तर वर्ष गेलं असतं.

सरांनी मला चार वाजता, तास सुटल्यावर, रिकाम्या वर्गात बोलावलं. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. "आता एकावन्न म्हंजे पाचवीतलं पोट्टं. शिकव त्याले."

मी पुटपुटत शिकवलं. मोबाइल म्हणाला, "मॅडम, तुमचं स्पष्टीकरण फार उपयुक्त होतं."

"असं पोट्टं रायते काय?" सर त्याच्यावर खेकसले. "खोड्या कर बे!"

"ठीक आहे, सर. मी आता खोड्या करत आहे."

सरांनी कपाळाला हात लावला. मग चष्मा काढून खिशात ठेवला, शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि किंचाळले, "मॅडम, हा एकावन्न मले चिमटे घेऊन राह्यला!"

मला हसू फुटलं. हसता हसताच ओरडले, "दोघंही उभे राहा!" माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं.

आठवडाभर असंच चाललं. प्रश्न एकावन्न विचारी, खोड्या सर करत. पाच वाजले की मात्र घाईनं म्हणत, "जाय आता पोरी. माहा तास हाय." पाचला आमच्याकडे कुणाचाच तास नसतो.

वार्षिक पाठ सुलतानपूरच्या शाळेत झाला. एकावन्नच्या टाचणातला जलतरण तलाव काढून मी वावर घेतलं. "रोह्यांनी शिरून पीक खाऊ नये म्हणून वावराच्या बांधावर तार लावायची. किती लागेल?"

"चारही धुरे मोजा, मॅडम!"

"आमचा काका धुरा मोजू नाही देत!"

"मग उद्या काकालाही वर्गात घेऊन ये," मी म्हणाले. परीक्षकही हसले.

पाठ संपल्यावर फळ्याचा फोटो काढायला सरांनी मोबाइल माझ्या हातात दिला. एकावन्नशी चाललेला त्यांचा संवाद उघडाच होता. जुन्या शाळेतल्या अकरा मुलांची नावं. कोण डावखुरा, कोण रुसतं, कुणाचा भागाकार कच्चा. रोज पाच वाजता त्यांची हजेरी, अकराही जणांच्या नावानं एकावन्नचं 'उपस्थित, सर', मग धडा. आणि आज सकाळी सरांनी लिहिलं होतं, 'आज सुट्टी, पोरहो. आपल्या मॅडमचा पाठ हाय.'

मी फोटो काढला आणि मोबाइल परत दिला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्या रिकाम्या वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसले.

"काऊन आली व? पाठ तं झाला तुहा."

"सर, माझा भागाकार कच्चा आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, बाटलीला टेकलेल्या मोबाइलकडे पाहिलं. चष्मा पुसला. मग खड्या आवाजात विचारलं, "बारा?"

"उपस्थित, सर."