मैनेच्या पोटातली टकटक

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलात की डोळा लागतो, आणि भलत्या वेळी डोळा लागला तर काय होतं, तेच आज सांगायचं आहे. आख्यान कुण्या राजाचं नाही, उदय नावाच्या एका साध्या मुलाचं आहे. पण त्यात परीक्षा आहे, त्याग आहे, आणि देवाची कृपाही आहे. ऐका.

उदयला लहानपणापासून गाड्यांचा नाद. इतर मुलं झोपेत आईला हाक मारत, हा गिअर बदलायचा. मोठेपणी त्याच नादाची नोकरी झाली. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात तो गाड्यांचे आवाज ऐकायचा. नवी गाडी विकायला जाण्याआधी ती खडबडीत रस्त्यावरून फिरवायची, आणि कुठे काय खुळखुळतं, कुठे काय किरकिरतं, ते कान लावून शोधायचं. काम उत्तम होतं. फक्त ते सासऱ्याला समजावून सांगणं अवघड होतं.

सासरे अजून झालेले नव्हते, हीच तर अडचण होती. गौलीगुड्यातले निवृत्त वकील हिम्मतराव यांची मुलगी निशिगंधा आणि उदय यांची मनं जुळली होती. हिम्मतरावांचं मन तेवढं राहिलं होतं.

"म्हणजे ऐकायचा पगार देतात तुम्हाला?" पहिल्याच भेटीत त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"हौ काका."

"कमाल आहे. मी जन्मभर या घरात फुकट ऐकत आलो."

"ऐकता कधी?" आतून सावित्रीबाई म्हणाल्या. "बोलताच की."

हिम्मतरावांनी साक्षीदाराकडे दुर्लक्ष केलं. "बरं, तुमच्यासारखी गाड्यांच्या नादातली पोरं शेवटी पोटापाण्याला करतात तरी काय?"

उदयनं खरं ते सांगितलं. त्याच्या टोळीतला विकास जुन्या गाड्या विकतो. अनिकेत लोकांच्या गाड्या चालवून त्याचे व्हिडिओ टाकतो. सुमित सहा दिवस लोकांचे आयकर भरतो आणि सातव्या दिवशी गाडी धुतो. विचारलं तर धंदा म्हणून गाडी धुणंच सांगतो.

"आणि तुम्ही ऐकता." हिम्मतरावांनी मान हलवली. "ठीक. रविवारी कुकटपल्लीला मंडळाच्या हॉलमध्ये बुवांचं कीर्तन आहे. आम्हाला तुमच्या गाडीतून न्या. परत येताना फैसला सुनावतो."

उदय हरखला. त्याची गाडी म्हणजे मैना. चंदेरी रंगाची, वयानं जुनी, पण उदयनं तिचा एकेक स्क्रू स्वतः आवळलेला. तिच्यात चौघं बसले तर चौघांचेच आवाज येतात, पाचवा नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगे. मैनेला कुणी नावं ठेवली तर तो दोन दिवस जेवत नसे. निशिगंधा म्हणायची, "मला ओरड, चालेल. तिला नुसतं 'जुनी' म्हटलं तरी तुझं तोंड बघवत नाही रे."

रविवारी संध्याकाळी मंडळी निघाली. पुढे उदयच्या शेजारी हिम्मतराव, मागे मायलेकी. बुवांसाठी हार घ्यायचा म्हणून गाडी अफझलगंजकडे वळली. तिथला रस्ता उकरून ठेवलेला. पहिल्याच खड्ड्यात आवाज आला.

टक्.

उदयच्या अंगावर काटा आला. दुसरा खड्डा. टक्, टक्.

"काय हो," हिम्मतराव म्हणाले, "तुमची मैना बोलते की!"

त्याच क्षणी मागून सावित्रीबाईंनी मोठ्यांदा सुरू केलं, "रामकृष्णहरी! रामकृष्णहरी!" आणि टाळ्याही.

"काकू, जरा थांबता का?" उदय कळवळून म्हणाला. "आवाज ऐकू येत नाही."

सावित्रीबाई थांबल्या. कापायला नेलेल्या बकऱ्याकडे बघावं, तशा नजरेनं त्यांनी आरशातून उदयकडे पाहिलं. पण उदयचं लक्ष आरशात नव्हतं. त्याच्यातला कारागीर जागा झाला होता.

त्यानं गाडी कडेला घेतली. आधी निशिगंधाला बांगड्या काढायला लावल्या. मग प्रसादाचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. गाडी पुढे नेली. टक्. डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पान्हे रस्त्यावर मांडले. पुन्हा फेरी. टक्. सावित्रीबाईंच्या पिशवीतला नारळ खाली उतरला. टक्.

एवढं सामान रस्त्यावर पाहून माणसं जमणारच. एकानं जॅकची किंमत विचारली. एक म्हातारे मियाँ काळजीनं म्हणाले, "क्या गुम गया बेटा?"

"आवाज आ रहा चाचा, टकटक."

"मेरी गाडी में तो पच्चीस साल से आ रहा. मैं रेडियो बढा देतूं."

"बघा," हिम्मतराव खिडकीतून म्हणाले, "जगाला अक्कल आहे. पण आता शोधाच तुम्ही. गाड्यांचे आवाज शोधणं हा ज्याचा धंदा, त्याला स्वतःच्या गाडीतला सापडत नसेल, तर मुलगी कुठल्या भरवशावर द्यायची?"

"बाबा, कायकू त्याला परेशान करता?" निशिगंधा म्हणाली.

"ही जिरह आहे, उलटतपासणी. मधे बोलू नये."

आता राहिलं होतं पुढचं सीट. "काका, एक मिनिट उतरता का?" हिम्मतराव उतरून फूटपाथवर उभे राहिले. उदयनं मैनेला त्याच खड्ड्यांतून नेलं. ती मुकी. परत आणलं, तरी मुकी. त्यानं सीट खालून, वरून दाबून पाहिलं. मग हिम्मतरावांना मागच्या सीटवर बसवलं आणि निशिगंधाला पुढे घेतलं. खड्डा आला. टक्. या वेळी आवाज मागून आला.

उदयनं तेच खड्डे पुन्हा एकदा घेतले. आणखी एक गोष्ट त्याच्या कानानं टिपली. हिम्मतराव बोलत असले की आवाज येत नाही. ते गप्प बसले आणि खड्डा आला, की येतो. त्यानं आरशात पाहिलं. हिम्मतरावांनी घाईघाईनं ओठ मिटले आणि जिभेनं काहीतरी जागेवर सरकवलं. अगदी सवयीनं, स्वतःलाही नकळत.

वकीलसाहेबांची कवळी सैल झाली होती.

ज्या माणसाची सारी इज्जत तोंडावर उभी, ज्याच्या मुलीलासुद्धा बापाचे दात खोटे असल्याचं ठाऊक नाही, त्याला भर अफझलगंजात, मियाँसमोर, काय सांगायचं? खरं सांगावं तर धंद्याची अब्रू राहते. न सांगावं तर मैनेची जाते, आणि कदाचित निशिगंधाही.

"सापडला?" हिम्मतरावांनी विचारलं.

"सापडला," उदय म्हणाला. "डॅशबोर्डच्या आतली क्लिप तुटलीय. गाडीच... जुनी झालीय काका."

निशिगंधानं दचकून त्याच्याकडे पाहिलं. उदयनं डोळे पुसले नाहीत, एवढंच.

"आवाज तर मागून येत होता," हिम्मतराव म्हणाले.

"आवाज फिरतो काका. जुन्या गाडीत असं होतं."

"मग झालं तर. ज्याला एक गाडी सांभाळता येत नाही, तो संसार काय सांभाळणार? चला, कीर्तनाला उशीर होतो."

रस्त्यावरचं सामान पुन्हा गाडीत भरून मंडळी निघाली. कुकटपल्लीपर्यंत मैना बोलत राहिली, आणि सावित्रीबाई रामकृष्णहरी म्हणत राहिल्या.

कीर्तनाला बुवांनी विषयही नेमका तोच घेतला. नऊ भक्तींमध्ये पहिली भक्ती श्रवणाची. बुवा म्हणाले, "कान सगळ्यांना आहेत हो. पण जे ऐकलं ते पोटात ठेवणं, हे ज्याला जमलं त्याला अर्धा देव भेटला." उदय खाली मान घालून ऐकत होता. हिम्मतराव ऐकत नव्हते. पंखा छान लागत होता, पाठीला भिंत होती, आणि त्यांचा डोळा लागला होता.

बुवांनी पूर्वरंग संपवला. टाळ थांबले, पेटी थांबली. बुवांनी पाण्याचा पेला उचलला. सगळा हॉल शांत झाला. हिम्मतरावांची हनुवटी छातीवर पडली आणि जबडा मिटला.

टक्.

स्वतःच्याच आवाजानं हिम्मतराव जागे झाले. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. आवाज तोच होता. पण हॉलला चाकं नव्हती, डॅशबोर्ड नव्हता, खड्डाही नव्हता. त्यांचा हात हळूच गालाकडे गेला. मग त्यांनी तीन ओळी पुढे बसलेल्या उदयच्या पाठीकडे पाहिलं, बराच वेळ.

आणि शांततेत एकच आवाज उठला, "रामकृष्णहरी! रामकृष्णहरी!" सावित्रीबाई टाळ्या वाजवत होत्या. बघता बघता सगळ्या हॉलनं नामघोष धरला. बुवांना वाटलं, आपल्या निरूपणाचाच परिणाम.

उदयनं वळून सावित्रीबाईंकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी जेवताना त्या मधेच पळी का आपटतात, पाहुणे बसले असताना त्यांना एकदम भजन का सुचतं, ते सगळं.

परतीच्या वाटेवर हिम्मतराव पुढे बसले. गाडी सुरू होताच म्हणाले, "उदयराव, त्या क्लिपचं काय करणार?"

"बदलून टाकतो काका. साधं काम आहे. कुणाला कळणारही नाही."

"ओळखीचा माणूस आहे?"

"आहे. फार बोलत नाही तो."

हिम्मतरावांनी खाकरून घसा साफ केला. "खोटी गवाही देणाऱ्याला कायद्यात सजा आहे, माहीत आहे ना?"

"हौ काका."

"जन्मठेप. निशिगंधा, याच्यावर नजर ठेवायचं काम तुझं."

मागे निशिगंधा आधी हसली आणि मग रडली. उदय पुढे बघत राहिला, कारण समोर अफझलगंजाचा तोच खड्डा होता. तो गाडी हळू करणार, एवढ्यात मागून टाळ्या सुरू झाल्या. या वेळी उदयनं काकूंना थांबवलं नाही. त्यानंही त्यांच्यात आपला सूर मिळवला, आणि चौघांच्या गजरात मैना खड्डा ओलांडून गेली.

तर बाबांनो, उदयला कान होते म्हणून आपण त्याचं कौतुक केलं, ते योग्यच. पण जी माउली ते आवाज वर्षानुवर्षं ऐकत होती आणि देवाच्या नावाखाली झाकत होती, तिला पगार कुणी दिला नाही, की तिला कुणी कारागीर म्हटलं नाही. उद्या तुमच्या घरी कुणी अवेळी, मोठ्यांदा भजन म्हणू लागलं, तर रागावू नका. एकदा सावित्रीबाईंची आठवण काढा, आणि दोन टाळ्या तुम्हीही द्या.