गाडी नसलेल्या सरांचा पेट्रोलचा भाव

आमच्या सोसायटीत पेट्रोलचा भाव सगळ्यांत आधी गायकवाड सरांना कळतो, आणि गायकवाड सरांकडे कसलंही वाहन नाही. स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. तरी रोज सकाळी साडेसहाला कानटोपी चढवून ते आमच्या कोथरूडच्या कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत चालत जातात, फलकावरचा भाव वाचतात आणि परत येतात. ही गोष्ट घडली त्या काळात भाव रोज बदलत नसे. महिनोन् महिने तोच आकडा. मी एकदा म्हटलं, "सर, बदलला तर पेपरात येतंच की."

"बदलला तर येतं," सर म्हणाले. "बदलला नाही, हे कोण छापतं?"



सर कर्वेनगरच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. किडकिडीत, ताठ, खिशाला दोन पेनं. पत्नी वारल्यापासून तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारी, एकटेच. एकुलता एक मुलगा मिलिंद आखातात, तेलविहिरी खणणाऱ्या कंपनीत. बुद्धपौर्णिमेला सर सगळ्या बिल्डिंगला खीर वाटतात आणि वाटी हातात देता देता जगातलं तेल कुठे कुठे आहे ते सांगतात. खीर गार होते, पण उत्तम असते.

मी रोज हिंजवडीपर्यंत मोटारसायकल रेटणारा माणूस. भाव वाढला की जिन्यातच सरकारच्या नावानं बोटं मोडायला लागतो. सर लगेच सामील होत. "अहो, आपल्या जमिनीखाली, आपल्या समुद्राखाली आहे ते काढायचं सोडून आपण दुसऱ्याच्या दारात डबा घेऊन उभे! खणा म्हणावं!" मला बरं वाटे. मग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सर थांबत. "अर्थात, याला दोन बाजू आहेत."

"दुसरी कोणती?"

"आपणच सगळं उपसलं तर नातवंडांना काय ठेवणार? राहू द्यावं जमिनीत."

"म्हणजे तुम्ही खणायच्या विरोधात?"

"छे! दोन्ही बाजू माझ्याच आहेत."

ऑफिसला पोचेपर्यंत मला कळत नसे की आपण चिडलोय नक्की कोणावर. सोसायटीच्या मीटिंगमध्येही तेच. गच्चीवर सौर बंब बसवायच्या ठरावाला सरांनी अनुमोदन दिलं, आणि मग उठून त्याच्या विरोधात वीस मिनिटं बोलले. सेक्रेटरींनी बिचाऱ्यांनी लिहिलं, 'गायकवाड सर तटस्थ'. सर भडकले. "तटस्थ कसला? मी दोन्ही बाजूंनी ठाम आहे!"

त्या वर्षी भाव पुन्हा चढला, आणि त्याच सकाळी सरांनी माझी बेल वाजवली. कानटोपी तशीच होती.

"मिलिंदचा करार संपतोय," ते म्हणाले. "कंपनी आणखी तीन वर्षं थांब म्हणते. मला विचारतोय, सही करू का?"

"मग?"

"मग काय? भाव चढला की कंपन्या नव्या विहिरी घेतात, म्हणजे पोराची नोकरी पक्की. भाव पडला की यंत्रं बंद, म्हणजे पोरगं घरी. आता तुम्हीच सांगा, सकाळी पंपावर जाऊन मी काय मागू?"

इतकी वर्षं ज्याला मी देशाच्या ऊर्जाधोरणावरचा वाद समजत होतो, तो हा होता तर.

"सर, सरळ ये म्हणून सांगा," मी म्हटलं.

"वा! बापाला करमत नाही म्हणून पोरानं नोकरी सोडायची?" सर गुरकावले. मग दारात जरा घुटमळले. "आपल्याकडेच तेल निघालं असतं, तर इथेच खणत असता तो. पण मीच तीस वर्षं शिकवलंय ना, पुण्याखाली नुसता काळा पाषाण."

पुढचा महिनाभर सरांनी उत्तर दिलं नाही. दर रविवारी मिलिंदचा फोन येई आणि बापलेक दहा मिनिटं तेलाच्या भावावर बोलत. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. सर शेवटी विचारत, "काम काय असतं रे तिथं?" आणि मग आपणच, "हां, ऑफिससारखंच. बरं, बरं," म्हणून फोन ठेवत.

त्यातच उन्हाळा लागला, टँकर परवडेनात, आणि सोसायटीनं बोअर मारायचं ठरवलं. ठरावाच्या बाजूनं बोलून सर खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, "सर, दुसरी बाजू?"

रविवारी सकाळी ट्रकवर चढवलेलं ते यंत्र आलं आणि बिल्डिंगच्या काचा थरथरायला लागल्या. आम्ही सगळे पाण्याची वाट बघत बाल्कनीत. सर मात्र छत्री घेऊन खाली गेले ते थेट यंत्राशेजारी उभे राहिले. मला वाटलं, म्हातारा आता पाषाणातून तेल काढतोय. गंमत बघायला मीही उतरलो.

सर जमिनीकडे बघतच नव्हते. यंत्र चालवणाऱ्या मुरुगनकडे बघत होते. तो तमिळनाडूकडचा, पस्तिशीचा. केस, भुवया, मिशा सगळं दगडाच्या भुकटीनं पांढरं झालेलं.

"दिन में कितने घंटे?" सर ओरडून विचारत होते.

"बारा. कभी चौदा."

"कान दुखते हैं?"

मुरुगनला ते तिसऱ्यांदा ओरडल्यावर ऐकू गेलं. तो हसला. "अब नहीं दुखता, साब."

दुपारी त्याच्या जोडीदारानं भाताचा डबा आणला. यंत्र थांबवायची सोय नसावी. मुरुगन डावा हात दांड्यावर ठेवून, उभ्या उभ्याच, उजव्या हातानं भराभर भात खाऊ लागला. वरून भुकटी पडत होती. सरांनी आपली छत्री त्या डब्यावर धरली. डबा संपेपर्यंत तशीच धरली होती, आणि स्वतः पांढरे होत गेले.

थोड्या वेळानं पाणी लागलं. चिखलाचा फवारा उडाला, बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या, सेक्रेटरींनी नारळ फोडला. सरांनी तिकडे मान वळवली नाही. माझ्यापाशी आले, चष्मा पुसायला गेले आणि आणखी मळवून बसले.

"तुमचा मोबाईल द्या. मिलिंदला लावून द्या."

मी लावून दिला. आजूबाजूला एवढा गलका होता, की मिलिंदचा आवाज मलाही ऐकू येईल इतका मोठा करावा लागला.

"मिलिंद, जेवताना बसतोस का रे?"

"काय, बाबा?"

"जेवताना. बसायला मिळतं का?"

सरांनी फोन कानाशी आणखी दाबला.

"कधी कधी मिळतं," मिलिंद म्हणाला.

"मग ये. सही करू नकोस. भावाचं काय व्हायचं ते होऊ दे. तू घरी ये."

मिलिंदच्या बाबतीत सर पहिल्यांदा एका बाजूनं बोलले होते.

"बाबा," मिलिंद म्हणाला, "सही मी परवाच केली. तुम्हाला ठरवायला जड जात होतं म्हणून."

सरांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. "बरं केलंस," ते म्हणाले. "छान केलंस. भाव चढा आहे सध्या. काळजी नाही."

फोन त्यांनी माझ्या हातात दिला, तो बंद करायचा राहूनच गेला होता. मी तो बंद केला. सर यंत्राकडे बघत होते. मुरुगन नळ्या उपसून ट्रकवर चढवत होता.

"अहो," सर हळूच म्हणाले, "याला संध्याकाळी माझ्याकडे जेवायला बोलावलं तर सोसायटीची काही हरकत नाही ना? एक दिवस बसून जेवेल."