जावयाची आंबट बिअर

"एक घोट. फक्त एक घोट पोटात जाऊ दे, मग बघ तुझे बाबा कसे खिशात येतात," असं बायकोला सांगत जावयाने गाडीतून पिंप उतरवलं ते असं, की जणू आत बाळ झोपलंय.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी सासरे त्याला पाहुण्यासारखंच वागवत. तो आला की चांगली खुर्ची पुढे सरकायची. "बसा जावईबापू, थकला असाल." टेबलाची एक बाजू धरायला गेला, तर "तुम्ही राहू द्या." मान असा की माणूस गुदमरावा. त्याला त्या घरातलं एक माणूस व्हायचं होतं, बाकी काही नको.

सासरे पस्तीस वर्षं बिअरच्या कारखान्यात टाक्या सांभाळून निवृत्त झालेले. म्हणून जावयाने तीन महिने खपून चेरीची आंबट बिअर घरी मुरवली होती, खास उन्हाळ्यात प्यायची, जिभेला झिणझिण्या आणणारी. हल्लीची तरुण मंडळी असली बिअर चवीचवीने पितात. सासऱ्यांच्या कारखान्यात मात्र आंबट म्हणजे नासलेली, एवढाच अर्थ होता, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याने पिंप त्यांच्या गार तळघरात ठेवलं आणि "फळाची आहे, बाकी उद्या कळेल" एवढंच सांगितलं. अतिशहाणपणा नडतो तो असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पंचवीस माणसं घामाघूम होऊन बसली होती. जावयाने पेले भरले आणि भाषण ठोकलं. "पहिल्या घोटाला दात आंबतील, तोंड वाकडं होईल. घाबरू नका. दुसऱ्या घोटाला उन्हाळा विसराल."

सगळ्यांनी जीव मुठीत धरून घोट घेतला. एकाचंही तोंड वाकडं झालं नाही.

"छान गोड आहे की," शेजारचा न्हावी म्हणाला.

जावयाने घाईघाईने स्वतः चाखली. दुकानातली साधी बिअर, आणि तिच्यात चेरीचा जॅम! तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंनी विचारलं, "माझ्या जॅमच्या दोन बरण्या कुणी संपवल्या?" सासरे आभाळाकडे बघू लागले. मग जावयाचा दंड धरून त्यांनी त्याला तळघरात नेलं.

"हळू बोला. कुणाला कळलेलं नाही," ते म्हणाले. "सकाळी चाखून पाहिली. आंबली होती हो, पार कामातून गेलेली. चारचौघांत तुमची शोभा झाली असती. दिली ओतून मोरीत. रंग तरी जुळला ना?"

मोरी अजून लालभडक होती.

"आमच्या कारखान्यात रीतच होती. जोडीदाराची टाकी आंबली की साहेब यायच्या आत आपण रिकामी करायची. त्याचं नाव घ्यायचं नाही. माझीही आंबली होती एकदा. जोडीदाराने वाचवलं म्हणून नोकरी टिकली. तुझ्या सासूलासुद्धा हे माहीत नाही, पोरा."

'अहो, ती आंबटच करायची होती,' हे वाक्य जावयाच्या ओठांवर आलं होतं. तीन महिने आणि आठ किलो चेरी त्याच्या डोळ्यांपुढून मोरीत वाहून गेल्या. पण समोर सासरे उभे होते, मनगटापर्यंत जॅम लागलेले, आणि त्यांनी त्याला जोडीदारांत धरलं होतं.

"वाचवलंत बाबा," तो म्हणाला.

"त्यात काय एवढं. आता उभा काय राहिलास? मी भरून ठेवलेलं ते दुसरं पिंप उचल, वर लोक खोळंबलेत."

जावयाने आनंदाने पिंप खांद्यावर घेतलं.

"आणि यापुढे एकट्याने करू नकोस," मागून जिना चढत सासरे म्हणाले. "रविवारी येतोच मी तुझ्याकडे. भांडी बघू, शिल्लक माल बघू."

जावयाचा पाय पायरीवरच थांबला. घरी फळीवर आणखी तीस बाटल्या मस्त आंबत होत्या, आणि सासरे काही जोडीदाराला वाचवल्याशिवाय राहणाऱ्यातले नव्हते.