चिमाबाईंची घंटा

श्रीघाटमाउली प्रसन्न. शके पंधराशें एकेचाळीस, सिद्धार्थी नाम संवत्सर. ते समयीं राज्याच्या पश्चिम अंगास एक गड होता, आणि गडाखालून कोंकणची वाट जात होती, आणि त्या वाटेनें मीठ, सुपारी, कापड लादोन बैलांचे तांडे येत जात. गडाचा रिवाज ऐसा कीं, गडकऱ्यांपैकीं जो घाट उतरे त्यानें आपली घंटा महादरवाजाच्या खुंटीस बांधावी, आणि परत येतांच सोडावी. बांधली म्हणजे मी येणार, मजसाठीं थांबा, ऐसा करार. पुढें सरकारांस दुसरी सोपी वाट सांपडली, आणि मग गडास कुत्रें विचारीना! तटावर माकडें आणि दारावर म्हातारे धर्माजी नाईक, इतकीच शिबंदी उरली.

त्या गडावर चिमाबाई उतारवयीं चढोन आल्या. यांचे यजमान सुभानजी वाटाडे पूर्वीं याच गडावरून, आपली घंटा बांधोन, तांडा घेऊन उतरले, आणि तांडा लुटला, कोणी वांचलें नाहीं, ऐसी खबर आली. बाईंनीं दोन वर्षें वाट पाहिली, आणि मग परतावें तरी कोणासाठीं म्हणोन आपली घंटा न बांधितां माहेरीं गेल्या. आतां बाजारीं एक मिठाचा व्यापारी बोलिला कीं, सुभानजींस लुटीनंतर आपण जिवंत पाहिले. झालें! बाईंच्या जिवास चैन पडेना. धनी परतले असतील तर त्यांची घंटा सुटली असेल, इतकें पाहावें म्हणोन गुडघे धरीत घाट चढल्या, आणि दरवाजांत पाहतात तों खुंटी रिकामी.

"आले! अहो नाईक, आमचे धनी आले होते!" बाई रडतां रडतां हंसों लागल्या.

नाईक खालीं पाहों लागले. मग बोलिले, "आले, वहिनी. चांच्यांनीं धरोन नेलें होतें. आपण गेलां त्याच दिवाळीस सुटोन आले, आणि आधीं खुंटीवर तुमची घंटा धुंडिली. ती नाहीं, तेव्हां म्हणाले, तिनें दुसरें घर केलें असेल, सुखी असो. म्यां म्हटलें, माहेरीं जाऊन पाहा तरी. ऐकतात कुठले! स्वतःची घंटा सोडिली आणि उतरले."

"जातांना बांधिली?"

"नाहीं, वहिनी."

अहो, काय हा मानी स्वभाव! चार कोसांवर बायको झुरत होती! बाईंनीं गांठोड्यांतून आपली घंटा काढिली आणि खुंटीस बांधों लागल्या. नाईक म्हणाले, "आपण तर आंत आलां. आतां बांधोन काय?"

"गेलें तेव्हां बांधावयाची राहिली," बाई बोलिल्या, आणि उंबऱ्यावर बसल्या.

एवंच हकीकत. बाई पुन्हा गड उतरल्या नाहींत. पुढें राज्याचे धनी बदलले, निशाणें बदललीं, आणि ती घंटा सोडावयास कोणी आलें नाहीं.