सातव्या खाटेवरची नळी

आमच्या उपजिल्हा रुग्णालयात गेल्या सोमवारी पाच मिलिलिटर रक्ताची एक नळी सातव्या खाटेवर दाखल झाली, आणि ते रक्त ज्यांचं, त्या तारामती घोळवे यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवण्यात आलं.

तपासणी मीच केली होती. तारामतीबाईंना न्यूमोनिया होता, आणि पूर्वी एकदा पेनिसिलिननं त्यांचा घसा सुजला होता. पुन्हा टोचून पाहणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून औषध माणसाला न देता त्याच्या रक्तावर सोडायचं आणि पेशी काय करतात ते पाहायचं. ही नाजूक पद्धत शिकायला मी सहा वर्षं परदेशात काढली. निकाल स्पष्ट आला. दहा मिनिटांत नळीच्या काचेवर लाल गांधी उठल्या आणि तिचं बूच सुजलं.

अधीक्षक डॉ. बिडकर यांनी नियम दाखवला: रिअ‍ॅक्शन ज्याला येते, तो रुग्ण. नळीचा केसपेपर निघाला. तिला दुसरं प्रतिजैविक सुरू झालं. सिस्टर दर चार तासांनी तिचा ताप बघत होत्या. ताप बाकावर होता, एकशे तीन.

हे औषध आज मिळालं नाही तर बाई जातील, असं मी डॉ. बिडकरांना सांगितलं.

"त्यांना रिअ‍ॅक्शन आली का?"

"येऊ नये म्हणूनच तर तपासणी केली."

"म्हणजे आली नाही. मग तुमची तक्रार काय आहे?"

नियमाची पर्वा न करता मी बाईंना खाटेवर न्यायला गेले, तर त्या माझ्यावरच रागावल्या. धापा टाकत म्हणाल्या, "ताई, माझंच रक्त हाय ते. आजारी जिवाला उठवून मी निजू व्हय?"

शेवटी मी अर्ज केला. सातव्या खाटेवरचा रुग्ण अपूर्ण असून त्याचे उर्वरित सेहेचाळीस किलो बाकावर आहेत. रुग्णालय एका रुग्णावर अर्धवट उपचार करत आहे. हे वाचून डॉ. बिडकर पहिल्यांदा अस्वस्थ झाले. पाच वाजता शेरा आला: उर्वरित भाग त्याच खाटेवर, नळीला धक्का न लावता ठेवावा. औषध बाईंच्या शिरेत गेलं. नोंद नळीच्या केसपेपरवर झाली.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि नळीला डिस्चार्ज मिळाला. तारामतीबाईंना नाही, कारण उर्वरित भाग घरी सोडण्याचा फॉर्मच नाही. मी जिल्ह्याला पाच पत्रं लिहिली आहेत. सहावं लिहिते आहे, आणि त्यात मी 'कृपया' हा शब्द वापरणार नाही.

त्यांचे यजमान रावसाहेब नळी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं गावी घेऊन गेले. काल त्यांचा फोन आला. प्रवास सुखाचा झाला, गल्लीतल्या सगळ्या बाया भेटून गेल्या.

"काय म्हणल्या?" तारामतीबाईंनी विचारलं.

"म्हणल्या, तारामती लई वाळली."

बाईंनी पटल्यासारखी मान हलवली. "चार दिस पोटात अन्न न्हाई. वाळणारच की."