दोन वाक्यांचं इंग्रजी

बसवनगुडीतल्या त्या गल्लीत टेलिफोन एकच होता आणि तो सयाजीरावांच्या बैठकीत होता. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना, ऑफिसांना आणि डॉक्टरांना तोच नंबर देऊन ठेवला होता. फोन आला की सयाजीरावांनी खिडकीतून ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारायची आणि त्या माणसाने चपला शोधत धावत यायचं, असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. ते बिघडलं सयाजीराव इंग्रजी शिकायला लागले तेव्हा.

भांड्यांचं दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर नवऱ्याला काहीतरी छंद हवा, हे रत्नाबाईंनाही मान्य होतं. त्यांनी बागकाम सुचवलं होतं. सयाजीरावांनी नंदकिशोर सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. सरांचं म्हणणं असं, की दुसरा माणूस काय करील असं विचारलं की आपले लोक "बघू या", "काय की", नाहीतर कन्नडात "नोडोणा" म्हणतात. साहेब असलं काही म्हणत नाही. तो म्हणतो, "आय ॲम शुअर, ही विल कम." नाहीतर म्हणतो, "आय ॲम अफ्रेड, ही विल नॉट कम." मधलं काही नाही. साहेबालाही खरं तर काही ठाऊक नसतं, तो नुसता सभ्यपणाने तसं म्हणतो, हे सरांनी पुढच्या तासाला समजावून सांगितलं. त्या तासाला सयाजीराव गेले नव्हते.

उभा जन्म गिऱ्हाइकांचं "उद्या बघतो" ऐकलेल्या माणसाला ती दोन वाक्यं म्हणजे घबाड वाटलं. पण सराव करायचा कुणापुढे? रत्नाबाईंना ऐनवेळी कमी ऐकू येई आणि दूधवाला कन्नडशिवाय बोलत नसे. राहिला फोन. सयाजीरावांनी खिडकीतून हाका मारणं बंद केलं आणि गल्लीच्या वतीने ते स्वतःच उत्तरं देऊ लागले. दोन्ही वाक्यांना सारखा सराव मिळावा म्हणून ती आळीपाळीने वापरायची, एवढं पथ्य त्यांनी पाळलं.

पहिला फोन गल्लीतल्या गोजराबाईंच्या भाच्याचा होता. बारशाला आत्या येईल का, असं तो भीतभीत विचारत होता, कारण दोघांत भांडण होतं. पाळी "शुअर"ची होती. भाच्याने आनंदाने ऑटो धाडली. ऑटो दारात उभी राहिल्यावर गोजराबाईंचा नाइलाज झाला आणि जिलेबी खाऊन, भांडण मिटवून त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी शेजारचा फत्तेसिंग आज कामावर येणार का, अशी त्याच्या ऑफिसातून विचारणा झाली. "आय ॲम अफ्रेड" म्हणताना सयाजीरावांचा आवाज इतका कातर झाला की फत्तेसिंग ऑफिसात पोचला तेव्हा साहेबांनी त्याला बाकावर आडवं केलं, ग्लुकोजची बिस्किटं खायला घातली आणि दुपारी घरी पाठवलं. तक्रार कुणाचीच नव्हती. सयाजीरावांना वाटलं, आपला हात बसला.

रविवारी दुपारी भीमाचार्यांचा फोन आला. भीमाचार्य हे निवृत्त इंग्रजी शिक्षक. फोन हे इंग्रजी बोलण्याचंच यंत्र आहे अशी त्यांची समजूत होती. सयाजीरावांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू वेणुगोपाल आज चारला आपल्याकडे नक्की येणार का, एवढंच त्यांना हवं होतं. पाळी "शुअर"ची होती, पण सकाळीच एका राँग नंबरवर सयाजीरावांनी ते वाक्य खर्चून टाकलं होतं.

"आय ॲम अफ्रेड, ही विल नॉट कम," ते म्हणाले.

मग भीमाचार्यांनी विचारलं, हे पक्कं का?

"आय ॲम शुअर," सयाजीराव म्हणाले.

एका फोनमध्ये दोन्ही वाक्यं बसली होती. ते तरंगतच स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. रत्नाबाईंच्या हातातली पळी थांबली.

"अहो, तो वेणू तीन वर्षं 'बघू या, बघू या' करून आज पहिल्यांदा भीमाचार्यांच्या स्मृतीला मागणी घालायला निघालाय. सकाळपासून शर्टाला इस्त्री करतोय वरती. पाचला तिला बघायला पुण्याची माणसं येणार आहेत, म्हणून तर चारचं ठरलं होतं. आणि तुम्ही त्याचं लग्न मोडून आलात काय?"

तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून वेणुगोपाल खाली आला. झाला प्रकार ऐकल्यावर तो खुर्चीत बसला.

"जाऊ दे, अण्णा. ते रागावले असतील. पुढच्या महिन्यात बघू या."

"गप बस," रत्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला.

पलीकडे भीमाचार्य दुखावले होते. शब्दाला जागणाऱ्या माणसाच्या कडक इंग्रजीत त्यांनी विचारलं, आता तो येणार म्हणता, ते तरी खरं का? सयाजीराव म्हणाले, शुअर. त्याच्या आईची, तुंगाबाईंची, संमती आहे का? शुअर. स्मृतीची नोकरी चालू राहील का? शुअर. स्वतःच्या तोंडाने मागणी घालील का? शुअर. दर रविवारी सासऱ्याशी बुद्धिबळ खेळेल का? त्यालाही शुअर. बाजूला वेणुगोपाल दर वेळी "अण्णा, स्वल्प थांबा" म्हणत होता. त्याला घोडा आणि उंट यांतला फरक ठाऊक नव्हता. पण रत्नाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्यांच्या हाताला चांगलंच वजन होतं.

कोपऱ्यावरचा ऑटोवाला जेवून पेंगत होता. येतोस का म्हटल्यावर तो "नोडोणा" म्हणाला. "आय ॲम शुअर, यू विल कम," सयाजीरावांनी इतक्या ठासून सांगितलं की त्याने निमूटपणे ऑटो सुरू केली.

तरी उशीर झालाच. वाटेत वेणूला आईला विचारायचं आठवलं, म्हणून ऑटो देवळाकडे वळवावी लागली. तुंगाबाई प्रदक्षिणा घालत होत्या. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी काय म्हणतेय रे, गाढवा?" दोघं भीमाचार्यांच्या बैठकीत शिरले तेव्हा पुण्याची मंडळी उप्पीट खात बसली होती. स्मृती हातात ट्रे घेऊन उभी होती. वेणूला पाहून तिचा चेहरा फुलला आणि लगेच कडक झाला, कारण हा माणूस आता काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं.

"बोला," भीमाचार्य म्हणाले. "मुलीचा हात मागायचाय तुम्हाला?"

वेणुगोपालने तोंड उघडलं. "ब" ओठांवर आला. स्मृतीने ट्रे खाली ठेवला. वेणूने सयाजीरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दुपारी पुन्हापुन्हा ऐकलेलं वाक्य त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडलं.

"आय ॲम शुअर."

स्मृती रडली आणि हसली. सगळ्यांनाच बरं वाटलं. अडचण एकच उरली. उप्पीट खाणाऱ्यांना हे सांगायचं कुणी? जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या भीमाचार्यांना शब्द सुचेना. तेव्हा सयाजीराव पुढे झाले, मुलाच्या वडिलांसमोर किंचित वाकले आणि अत्यंत कातर आवाजात म्हणाले, "आय ॲम अफ्रेड, शी विल नॉट कम." पुण्याचे वडील इतके हेलावले की त्यांनी उलट सयाजीरावांचंच सांत्वन केलं.

वेणूला बुद्धिबळाच्या पटासमोर बसवून सयाजीराव विजयी मुद्रेने घरी परतले. रत्नाबाई फोनपाशीच बसल्या होत्या.

"आत्ताच भीमाचार्यांचा फोन येऊन गेला," त्या म्हणाल्या. "तुमच्या इंग्रजीवर लई खूश आहेत. लग्नात त्यांच्या शाळेची सगळी शिक्षक मंडळी येणार आहेत. त्यांच्यापुढे तुम्ही अर्धा तास इंग्रजीत भाषण कराल का, असं विचारत होते."

सयाजीरावांनी घाईघाईने विचारलं, "मग? तू काय म्हणालीस?"

"आय ॲम शुअर, ही विल," रत्नाबाई म्हणाल्या. उच्चार सयाजीरावांपेक्षा चांगला होता.

"अगं, मला विचारायचं तरी. मला दोनच वाक्यं येतात."

"तुम्ही कुणाला विचारलं होतं? आणि दोन वाक्यांत लग्न जमलं. भाषणाला किती लागणार?"

तेवढ्यात फोन वाजला. गोजराबाईंचा भाचा होता. आत्या उद्या घरी असेल का, असं विचारत होता. सयाजीराव रिसीव्हरमध्ये "आय ॲम" एवढंच म्हणाले. मग "स्वल्प थांबा" म्हणाले, तो अलगद बाजूला ठेवला, आणि खिडकीत जाऊन बऱ्याच दिवसांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "गोजराक्का, फोन."